बाळंतिणीच्या सोबतीला : दिवस गेल्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आधार कसा द्यायचा

माझ्या धाकट्या बहिणीला नववा आठवडा चालू होता. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती हळूच म्हणाली, "ताई, मला आनंदच होत नाहीये गं." मी लगेच म्हणाले, "वेडी आहेस का? असं बोलू नये. सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं." ती "हो गं" म्हणाली आणि दोन मिनिटांत फोन ठेवला. पुढचे दोन महिने मी विचारलं की एकच उत्तर यायचं, "बरी आहे." त्या दोन महिन्यांत ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, हे मला फार उशिरा कळलं.

मी मायेनेच बोलले होते. पण तिने दार किलकिलं केलं होतं आणि मी ते लावून घेतलं. त्यानंतर तिच्या बाळंतपणात, दोन मैत्रिणींच्या आणि वहिनीच्या बाळंतपणात मी सोबत केली. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. हा लेख गरोदर बाईच्या जवळच्या माणसांसाठी आहे : नवरा, आई, सासू, बहीण, मैत्रीण, जो कुणी तिच्या उशाशी बसणार असेल त्याच्यासाठी. तिने स्वतः वाचला तरी चालेल, म्हणजे काय मागायचं ते तिलाही सापडेल.

सगळ्यात आधी, ऐकायचं कसं

पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हेच लागणार आहे, म्हणून आधी सांगते. ती काही बोलली की लगेच उत्तर देऊ नका. मनात पाच आकडे मोजा. बऱ्याचदा खरं वाक्य त्या पाच आकड्यांनंतर येतं. मग तिचेच शब्द तिला परत द्या : "आनंद होत नाहीये... कधीपासून वाटतंय असं?" आणि त्यानंतर एक साधा प्रश्न विचारा : "फक्त ऐकू, की काही करू?" तिला नुसतं बोलायचं असेल तर उपाय सुचवू नका. काही करायला हवं असेल तर ती सांगेल.

काही वाक्यं मात्र कायमची सोडून द्यायला हवीत. "आमच्या वेळी असं काही नव्हतं." "एवढं तर सगळ्याच जणी करतात." आणि मला सगळ्यात घातक वाटणारं वाक्य, "तू रडलीस की बाळावर परिणाम होतो." आधीच खचलेल्या बाईच्या मनावर आपण त्यात अपराधाचं ओझं टाकतो, आणि ती रडायची थांबत नाही, लपून रडायला लागते.

समोरासमोर बसवून "बोल, काय होतंय?" असं विचारलं की अनेकजणी गप्प होतात. हात कामात असले की बोलणं आपोआप येतं. शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घाला, संध्याकाळी सोबत चाला. माझ्या बहिणीने पुढे जे काही सांगितलं, ते सगळं चालता चालता सांगितलं.

पहिले तीन महिने

या दिवसांत पोट दिसत नाही, त्यामुळे तिचा त्रासही कुणाला दिसत नाही. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि बहुतेकींना सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत आराम पडतो. ती सकाळीच होते असं नाही, दिवसभरही राहते. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर "होतं असं" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एरवी, ज्या कामाने तिला उमासे येतात ते काम तिला न विचारता तिच्या हातून काढून घ्या. जिने उठल्यापासून चारदा ओकलंय तिला बरं वाटेल असं सुचवण्यापेक्षा बादली धुऊन ठेवणं जास्त कामाचं आहे.

अनेकजणी ही बातमी सुरुवातीला कुणाला सांगत नाहीत. कामाच्या ठिकाणी हसत बसतात आणि मधेच उठून ओकून येतात. निदान एका माणसाला सगळं माहीत असू द्या असं तिला सुचवा. ते माणूस तुम्ही असाल तर गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. जवळच्या नात्यातसुद्धा सांगू नका.

आनंद, भीती आणि "हे आत्ता नको होतं", तिन्ही एकाच दिवशी मनात येऊ शकतं. अगदी ठरवून राहिलेल्या गरोदरपणातही. याचा अर्थ ती वाईट आई होणार आहे असा नाही. हे तिला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा, कारण ती मनात तोच अर्थ काढत असते.

गर्भपाताची भीतीही याच काळातली, आणि ती उगाच नसते. दिवस राहिल्याचं कळलेल्या शंभर गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० आपोआप संपतात, त्यातली बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. बऱ्याचदा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाचं असतं. ती जिना चढली, रडली, ऑफिसला गेली म्हणून असं होत नाही. तसं घडलंच तर दोनच वाक्यं पुरेत : "मला फार वाईट वाटतंय. तुझी काहीही चूक नाही." "लवकर झालं ते बरं", "पुन्हा राहील की" हे बोलू नका. तिच्या लेखी ते एक ठराविक बाळ होतं. बाळ ज्या तारखेला व्हायचं होतं ती तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी तिला फोन करा. त्या दिवशी तुमच्याशिवाय कुणालाच आठवण नसेल. आणि पुढच्या खेपेला ती आनंद दाखवायला घाबरली, छोटे कपडे आणू नका म्हणाली, तर तिच्या गतीने चाला.

मधले महिने म्हणजे तयारीचे महिने

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते. मळमळ गेलेली असते, अंगात थोडी ताकद आलेली असते. म्हणून अवघड बोलणी याच काळात करून घ्या.

पहिलं बोलणं मागच्या इतिहासाचं. आधी कधी नैराश्य, घबराटीचे झटके, मोठा मानसिक आजार झाला होता का? आधीचं बाळंतपण भीतिदायक झालं होतं का? हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण अशा बाईला गरोदरपणात आणि नंतर जास्त लक्ष लागतं. मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर "बाळासाठी" म्हणून ती एकदम बंद करू नये आणि घरच्यांनी तसा दबावही आणू नये. गोळी ठेवायची, बदलायची की कमी करायची हे डॉक्टरांसोबत ठरवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात सुमारे १० टक्के गरोदर बायकांना आणि १३ टक्के नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. म्हणजे तुमच्या ओळखीतल्या दहा बाळंतिणी आठवल्या तर त्यात एखादी असण्याची बरीच शक्यता आहे, फक्त तिने सांगितलं नसेल.

दुसरा प्रश्न एकांतात विचारा, नवराही जवळ नसताना : "घरात कुणाची भीती वाटते का?" मारहाण, धाकधपटशा, पैसे अडवणं, मुलगाच हवा म्हणून टोचणं, हे गरोदरपणात थांबतंच असं नाही, कधी वाढतंही. ती हो म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा आणि तिला न विचारता कुणाला जाब विचारायला जाऊ नका. त्याचा त्रास तिलाच होतो. कुठे जाता येईल, कुणाला फोन करायचा, कागदपत्रं कुठे ठेवायची, हे तिच्यासोबत ठरवा.

तिसरं बोलणं कामाच्या वाटणीचं. "काही लागलं तर सांग हं" हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो, पण त्यात काम तिच्यावरच पडतं : काय लागतंय ते ठरवायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, आणि वर संकोच सोडून मागायचं. त्याऐवजी म्हणा, "मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी येऊन कपडे धुऊन वाळत घालून जाईन, चालेल?" एका कागदावर पहिल्या सहा आठवड्यांची कामं लिहा आणि प्रत्येकापुढे माणसाचं नाव लिहा : रात्रीची पहिली पाळी, जेवण, मोठ्या मुलाला शाळेत सोडणं, तपासणीला सोबत, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणं. ज्या कामापुढे नाव नाही ते तिच्या गळ्यात पडणार हे धरून चाला.

शेवटचे आठवडे

डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो. नेमक्या त्या दिवशी शंभरात चार-पाचच बाळं जन्मतात. तरी त्या तारखेच्या आसपास दिवसाला पंधरा निरोप येतात, "झालं का?" या सगळ्यांना उत्तर द्यायचं काम तुम्ही घ्या. तिचा फोन शांत राहू द्या.

एका बाबतीत मात्र धीर देऊ नका. ती म्हणाली, "आज बाळ कमी हलतंय," तर "झोपलं असेल" म्हणून समजूत काढायची नाही. लगेच दवाखान्यात फोन करायचा आणि निघायचं. सगळं ठीक निघालं तर उत्तम, फेरी वाया गेली असं कुणी म्हणू नये.

बाळंतपणाची भीती सगळ्यांना सारखी नसते, म्हणून विचारा : "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" माझी एक मैत्रीण कळांना घाबरत नव्हती. तिची भीती वेगळीच होती, अनोळखी माणसांसमोर उघडं पडावं लागेल ही. आम्ही अर्ध्या पानाचा कागद केला. त्यावर पहिलीच ओळ होती : "तपासणी सोडून इतर वेळी अंगावर चादर हवी." आल्या आल्या तो कागद तिथल्या सिस्टरच्या हातात दिला. सिस्टरने वाचला, मान हलवली, आणि पुढचे सात तास प्रत्येक तपासणीनंतर ती चादर स्वतः ओढून घेत होती. मैत्रीण आजही कळांपेक्षा त्या चादरीबद्दल जास्त बोलते. तुमचाही कागद अर्ध्या पानाचाच ठेवा : कशाने शांत वाटतं, कशाची भीती आहे, सोबत कोण असणार, आणि बेत बदलला तर निदान काय पाळलं जावं.

कळांच्या वेळी

आपल्याला वाटतं, काम डॉक्टर आणि सिस्टर करतात, आपण नुसते बसलेलो असतो. तसं नाही. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात पहिलटकरणींचे दोन गट केले होते. एका गटाशेजारी सतत एक बाई बसलेली असे. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. तिला वैद्यकीय ज्ञान नव्हतं आणि बाळंतिणीशी आधीची ओळखही नव्हती. दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत या गटाला सरासरी पावणेनऊ तासांच्या आसपास लागले, दुसऱ्या गटाला एकोणीस तासांहून जास्त. तो अभ्यास लहान होता. नंतर अनेक देशांत मोठे झाले. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २६ चाचण्यांचा, पंधरा हजारांहून अधिक बायकांचा एकत्र आढावा घेतला. तिथे फरक इतका मोठा नव्हता, पण दिशा तीच होती : सतत सोबत असेल तर सिझेरियन कमी, वेदनाशामक औषधं कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि बाळंतपणाची कडू आठवणही कमी. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की प्रत्येक बाईला कळांच्या वेळी तिच्या पसंतीचं माणूस सोबत मिळावं. पसंती तिची. तिला आई हवी आणि नवरा बाहेर हवा असेल तर कुणी रुसू नये.

तुमचा दवाखाना सोबतीला आत सोडतो का, ते सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून घ्या. सोडत नसेल तर लेखी विनंती करा, एकाच बाईमाणसाला सोडतात का ते पाहा, दुसरा दवाखाना शक्य आहे का तेही पाहा.

सुरुवातीच्या कळा तासन्‌तास, कधी दिवसभर चालतात. या वेळी उतावळेपणा नको. अंधार करा, तिला पडू द्या, मधून घोटभर पाणी द्या, दोन-अडीच तासांनी लघवीला जायची आठवण करा, आणि स्वतः थोडं झोपून घ्या, पुढे तुमची गरज लागणार आहे. गर्भाशयाचं तोंड साधारण पाच सेंटिमीटर उघडलं की जोरकस टप्पा धरतात. पहिलटकरणीला तिथून बहुधा बारा तासांच्या आत बाळ होतं. तिचं बोलणं कमी होत जातं, नजर आत वळते. आता कळ चालू असताना एकही प्रश्न विचारू नका. पाणी हवं का असं न विचारता पेला ओठांजवळ धरा. नको असेल तर ती मान वळवेल.

हातांना काम द्या. खांदे कानापर्यंत गेलेले दिसले की त्यावर हात ठेवून "खांदे सोड" एवढंच म्हणा. जबडा आवळलेला असेल तर "तोंड सैल." तिच्यासोबत लांब श्वास सोडा, तुमचा श्वास ऐकून तिचा श्वास लयीत येतो. कंबरेत कळा येत असतील तर माकडहाडाच्या वर, तळहाताच्या टाचेने, घट्ट दाबून धरा. माझी बहीण पलंगाच्या कडेला ओणवी उभी होती. मी कंबर चोळत होते, तर दात आवळून म्हणाली, "चोळू नको. दाब. खाली. अजून खाली. तिथेच." जागा सापडली तेव्हा तिचा श्वास पहिल्यांदा पूर्ण बाहेर पडला. मग प्रत्येक कळेला मी तिथेच तळवा रोवून सगळा भार टाकायचे, कळ उतरली की सोडायचे. पहाटे माझं मनगट सुजलं होतं. पण आपण काय बोलावं हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही.

शेवटी शेवटी, आठ ते दहा सेंटिमीटरच्या सुमाराला, बऱ्याचजणी म्हणतात, "मला नाही जमत. मला घरी जायचंय." अंग थरथरतं, ओकारी येते, ती चिडते, हात झटकते. घाबरू नका आणि रागावू नका. "झालंच आता, पाच मिनिटं" असं खोटं सांगू नका, पाच मिनिटांनी तुमच्यावरचा विश्वास जाईल. फक्त चालू कळेबद्दल बोला : "ही कळ वर जातेय... इथे सगळ्यात जोरात... आता उतरतेय, उतरली." तिला पुढचे तास पेलायचे नाहीत, एक कळ पेलायची आहे. वेदनाशामक इंजेक्शन हवं असं ती म्हणाली तर तो तिचा निर्णय आहे, धाडसाची परीक्षा चालू नाही.

कधी कुणी तिच्यावर ओरडतं. मैत्रिणीच्या वेळी एका तपासणीत तिला फार अपमानास्पद बोललं गेलं. मी भांडले असते तर तिचं लक्ष माझ्याकडे गेलं असतं. मी तिच्या डोक्यापाशी गेले, गालावर हात ठेवला आणि समोरच्या व्यक्तीला शांतपणे म्हटलं, "ती घाबरली आहे. काय करणार आहात ते तिला आधी सांगाल का?" हे वाक्य मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा सांगून तपासणी झाली. तक्रार लिहून द्यायची असेल तर ती नंतर द्या, द्यायलाच हवी.

बेत बदलला, सिझेरियन ठरलं, तर वेळ असेल तेवढ्यात तीन गोष्टी तिच्या वतीने विचारा : कशासाठी, दुसरा मार्ग आहे का, विचार करायला किती वेळ आहे? खरीच घाई असेल तर प्रश्न थांबवा आणि तिची नजर धरा : "मी इथेच आहे. बाळाला लवकर बाहेर काढतायत." पाठीत भूल दिलेली असेल तर ती जागी असते. अंग थडथड उडू शकतं, ओढल्यासारखं वाटतं, हे होतं असं सांगून ठेवा. आणि नंतर कुणी "तुझं सोपं झालं" म्हणालं तर ते बोलणं तिथेच थांबवा. पोट फाडून थरावर थर शिवलेल्या बाईला हे ऐकायला लागू नये.

पहिला तास, आणि मग तिसरा दिवस

दोघंही ठीक असतील तर बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावं आणि पहिल्या तासात अंगावर पाजायला सुरुवात करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमचं काम त्या तासाची राखण करण्याचं. फोटो, व्हिडिओ कॉल, कुणासारखं दिसतं याची चर्चा, सगळं नंतर. बाळाला पाहून तिला भरून आलं नाही, नुसतं "संपलं एकदाचं" वाटलं, तरी त्यात वावगं काही नाही. अनेकींना बाळाची माया दिवसांनी, आठवड्यांनी लागते. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर तुम्ही तिचे डोळे व्हा. "बरं आहे" एवढं सांगून भागत नाही : डावी मूठ कशी धरलीय, डोळे उघडले का, सिस्टर काय म्हणाल्या, ते सगळं सांगा.

वार पडल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्याने खाली येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला छाती भरून दूध उतरतं. टाके दुखत असतात, झोप झालेली नसते. त्यामुळे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी निम्म्याहून अधिक बाळंतिणींना कारण नसताना रडू येतं. हे साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. आधीच कॅलेंडरवर तिसऱ्या दिवसाला खूण करा. त्या दिवशी पाहुणे नकोत. ती रडली तर "आता काय झालं रडायला, एवढं छान बाळ मिळालंय" म्हणू नका. दार लोटा, बाळ घ्या, पाणी द्या, पाठीवर हात ठेवा.

पहिले सहा आठवडे

या काळातल्या तिच्या मनाची अर्धी दुखणी झोपेची असतात. मी डॉक्टर नाही, पण मला चार जणींसाठी एकच गोष्ट सुचवायची परवानगी असती तर मी हीच सुचवली असती : रोज सलग चार तास झोप. तुटक आठ तासांनी ते काम होत नाही. ते जमवायचं असं : रात्री नऊला तिने पाजून झोपायचं, बाळ दुसऱ्या खोलीत. ढेकर, लंगोट, कडेवर फिरवणं सगळं तुमचं. काढून ठेवलेलं दूध असेल तर एकपर्यंत तिला उठवायचंच नाही. नसेल तर बाळ तिच्याजवळ न्यायचं, पाजून होताच उचलून आणायचं, दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही.

नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर दूध पोहोचतंय अशी ती चांगली खूण असते. हे माहीत असलं की "रडतंय म्हणजे दूध पुरत नसेल" हे वाक्य तुम्ही बोलणार नाही आणि दुसऱ्यालाही बोलू देणार नाही. त्या एका वाक्याने कितीतरी बायकांची उमेद गेलेली मी पाहिली आहे. स्तनाग्रं चिरली असतील, पाजताना डोळ्यात पाणी येत असेल, तर सोसायला सांगू नका, बाळ नीट धरतंय का ते जाणकाराला दाखवा. आणि सगळं करूनही वरचं दूध द्यावं लागलं तर बाळाचं पोट भरलं, एवढंच म्हणा.

बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं, मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत कमी होतं. जीव मेटाकुटीला आला, हात उगारावासा वाटला, तर बाळाला उताणं, सुरक्षित जागी ठेवून पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जायचं, मग परत येऊन पाहायचं. हे तिला आधीच सांगून ठेवा. बाळाला गदागदा हलवायचं कधीच नाही, मेंदूला इजा होते.

अनेक आयांच्या मनात भयंकर चित्रं येतात : बाळ जिन्यावरून हातातून निसटलं, सुरी लागली. आई त्या चित्रांनी हादरते आणि कुणाला सांगत नाही, कारण "माझ्याकडून बाळ काढून घेतील" ही भीती. अशी नको असलेली चित्रं खूपजणींना दिसतात आणि त्यांची दहशत वाटणं हेच सांगतं की तिला तसं करायचं नाही. पण त्यामुळे ती बाळाला हात लावायला टाळत असेल किंवा दिवसभर तेच मनात घोळत असेल, तर मदत घ्यावी.

रडू थांबत नसेल तर

दोन आठवडे उलटून गेले तरी उदासी, चिडचिड, धडधड आहे. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही. कशातच गोडी नाही. "मी नालायक आई आहे", "माझ्याशिवाय यांचं बरं होईल" असं बोलते. किंवा काहीच बोलत नाही, सगळं यंत्रासारखं करते. हे नैराश्य असू शकतं. ते पहिल्या वर्षात कधीही येतं, म्हणून "आता तर चार महिने झाले" म्हणून दुर्लक्ष करू नका. एडिनबरो प्रसूतिपश्चात नैराश्य मापनी ही १९८७ पासून वापरात असलेली, गेल्या सात दिवसांबद्दलची १० प्रश्नांची यादी आहे. दवाखान्यात मागून ती भरता येते. तिच्या गुणांवरून निदान होत नाही, पण बोलायला तोंड फुटतं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर "कधीच नाही" सोडून काहीही आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

तुम्हीही सरळ विचारू शकता : "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि तातडीने डॉक्टर गाठा. इतर वेळी वेळ तुम्ही ठरवा, सोबत तुम्ही जा, बाळ तुम्ही धरा. थायरॉइड आणि रक्तक्षय तपासायला सांगा, त्यांची लक्षणंही अशीच दिसतात. समुपदेशनाने बरं वाटतं, औषधांनीही, आणि अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत.

एक स्थिती वेगळी आणि तातडीची. हजारात एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भ्रम होतात : दोन-दोन रात्री झोप नाही आणि गरजही वाटत नाही, भरभर असंबद्ध बोलणं, आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल किंवा घरच्यांबद्दल विचित्र संशय. कुणीतरी दृष्ट लावली म्हणत वाट पाहू नका. तिला आणि बाळाला एकटं न ठेवता तात्काळ रुग्णालयात न्या. यातून बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

शरीराचं थोडक्यात : तासाभरात पॅड भिजेल एवढं अंगावरून जाणं, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे धूसर, एका पोटरीत दुखणं आणि सूज, धाप. यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना.

वडिलांकडेही बघा. २०१० मधल्या एका मोठ्या आढाव्यात दहातल्या एका बापाला या काळात नैराश्य आल्याचं दिसलं. ते बऱ्याचदा रडत नाहीत, उशिरापर्यंत कामावर थांबतात. आणि तुम्ही स्वतः थकलात तर पाळी बदला, यादीवर नावं त्यासाठीच लिहिली आहेत.

चौथ्या महिन्यानंतर

तोवर येणारे-जाणारे थांबतात, सगळ्यांना वाटतं की झालं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफाएल यांनी १९७३ मध्ये बाईच्या आई होण्याच्या या संक्रमणाला स्वतंत्र नाव दिलं, मॅट्रेसन्स. वयात येणं जसं एका रात्रीत होत नाही, तसं हेही होत नाही. कामावर परतायची वेळ आली की सगळं पुन्हा ढवळून निघतं. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं तिची ठेवा, आणि पहिला प्रश्न बाळाचा नको.

बाळंतपणाची गोष्टही तिला पुन्हा पुन्हा सांगायची असते. ऐकली असली तरी पुन्हा ऐका. त्याच रात्रीची वाईट स्वप्नं पडत असतील, दवाखान्याच्या वासाने अंग कापत असेल, तर समुपदेशकाकडे न्या. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला, पाहुणे गेल्यावर, मी बहिणीच्या शेजारी फुगे सोडत बसले होते. तिला विचारलं, "गेल्या वर्षी या वेळेला कुठे होतीस?" तिने घड्याळ पाहिलं. "पलंगाच्या कडेला," ती म्हणाली, आणि मग दीड वाजेपर्यंत बोलत राहिली. नवव्या आठवड्यातल्या त्या फोनपासून.